खोक्यातली दुर्गा

मी आज जो काही आहे तो मंडल सरांमुळे. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे. लहानपणी पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेले. आमच्या गावाशेजारच्या बंगाली वस्तीत राहायचे. माझे वडील भातगिरणीत हमाल. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठाचा अर्ज सरांनीच समोर बसवून भरून घेतला.

मी निघालो तेव्हा वस्तीत दुर्गेच्या मूर्तीच्या पेंढ्याच्या सांगाड्यावर पहिली माती चढत होती. एसटी स्टँडवर सरांनी माझा पासपोर्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, "सांभाळ रे. या देशाचा कागद हातात पडेपर्यंत माझ्या बापाचे केस पिकले."

शिक्षण संपलं, आइंडहोवनला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, मीरा. इथले बंगाली लोक शाळेचा जिम हॉल भाड्याने घेऊन पूजा करतात. देवीच्या डोक्यावर बास्केटबॉलची जाळी. मी दरवर्षी खुर्च्या मांडायला जातो. पहिल्याच वर्षी सरांनी फोनवर विचारलं, "विसर्जन कुठं करता?" मी बोलून गेलो, "कालव्यात, सर." ते इतके खूश झाले की पुढे खरं सांगणं जमलंच नाही.

यंदा दशमीला शिखाबौदींनी, म्हणजे माझ्या सहकाऱ्याच्या बायकोने, पितळी परातीत पाणी घेऊन त्यात आरसा ठेवला.

"दादा, वाकून बघा. देवीचे पाय दिसले?"

"दिसले."

"मग झालं. गेली ती. तुम्ही मराठी लोक बादलीत गणपती बुडवता, आम्ही नुसता आरसा!"

सगळे हसले. मी मूर्तीकडे आणि तिच्यासाठी आणलेल्या खोक्याकडे बोट केलं. "आणि ही?"

"ही फायबरची. विरघळणार कशी? गॅरेजमध्ये राहील."

खोक्याला चिकटपट्टी लावत असताना सरांच्या मुलाचा व्हॉट्सअ‍ॅप आला : बाबा विचारतायत, विसर्जन झालं का?

माझ्या बॅगेत खेमेंतेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र होतं. त्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही. घरी येऊन हे लिहिलं आणि पोस्टात टाकलं :

ती. सरांना साष्टांग नमस्कार.

मी तुमच्याशी खोटं बोललो. इथं विसर्जन होत नाही. देवी वर्षभर खोक्यात असते.

दुसरी गोष्ट फोनवर तीनदा सांगायला घेतली. तुम्ही प्रत्येक वेळी मीराचे दात आले का विचारलंत, आणि माझा धीर गेला. सर, मी इथलं नागरिकत्व घेतोय. भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागेल. मीरा इथं जन्मली. माझी नोकरी गेली तर आम्हा तिघांना निघावं लागेल. कारणं खरी आहेत. पण तुम्हाला तुमचा देश कुणी विचारून सोडायला लावला नव्हता. मी माझ्या हाताने सही करणार आहे.

तुम्ही सांगितलंत तसा कागद सांभाळला. एक पानही दुमडलेलं नाही.

यापुढे वस्तीतल्या पूजेला मला परदेशी माणसाचे कागद काढून यावं लागेल. तुम्ही ये म्हणालात, तर काढीन.

तुमचा,
विलास