सामाईक

ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत. धाकट्या भावाची ती खरोखरची ताई, पण त्याचं ऐकून ड्राफ्ट्समन, रिसेप्शनवरची मुलगी, इतकंच काय, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले मोठी ड्रॉइंग छापणाऱ्या प्लॉटरवरचे काकासुद्धा तिला ताई म्हणायला लागले. फक्त दादा तिला घरातल्या नावानं हाक मारायचा. "बबे!" समोर क्लायंट बसलेला असला तरी बबेच. मग क्लायंट तिच्या हातातल्या ड्रॉइंगच्या गुंडाळीकडे न बघता तिलाच म्हणायचा, "मला बिनसाखरेचा."

दादा आर्किटेक्ट, धाकटा इंटिरियर डिझायनर. दोघांच्या कॉलेजची सोय घरातून झाली. मधल्या हिच्या वेळी मात्र दोन वर्षांचा ड्राफ्ट्समनचा कोर्स पुरे, असं ठरलं. कुणी ठरवलं, ते आता आठवत नाही. दादानं पहिलं ऑफिस थाटलं तेव्हा त्यात दोन ड्रॉइंग बोर्ड होते, एक त्याचा आणि एक तिचा. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पुढे कॉम्प्युटर आले, धाकटा आला, माणसं वाढली, जागा वाढली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं हिनंच केलं आणि ऑफिसही एक दिवस बुडवलं नाही. लग्नाचा विषय कधी मागे पडला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कॉम्प्युटर आले तेव्हा दोघा भावांनी जो धुमाकूळ घातला, त्याला तोड नव्हती. जो तो हाताला येईल तिथे फाईल ठेवायचा. एकाच इमारतीची ड्रॉइंग 'नवीन', 'नवीन शेवटचं' आणि 'खरंच शेवटचं' अशा तीन नावांनी तीन मशीनवर. एकदा कंत्राटदाराकडे जुनंच ड्रॉइंग गेलं आणि दवाखान्याच्या सगळ्या संडासांची दारं आतल्या बाजूला उघडणारी बसली. आत माणूस उभा असला की दार अर्धंच उघडायचं. दादानं सगळ्यांदेखत तिला झापलं. पुढच्या सुट्टीचा आख्खा आठवडा ती एकटी ऑफिसात येऊन बसली आणि सगळं लावून टाकलं.

प्रत्येक कामाला एक नंबर, नंबराचा एक फोल्डर, त्यात सहा फोल्डर: मोजणी, प्लॅन, स्ट्रक्चर, तपशील, पत्रं, बाहेर गेलेलं. आणि सगळ्या कामांच्या वर एक वेगळा फोल्डर. त्याचं नाव तिनं ठेवलं 'सामाईक'. दारं, खिडक्या, जिने, नळ, बेसिनं, खुर्च्या, झाडं, असं पुन्हा पुन्हा लागणारं सगळं त्यात.

मोठं ड्रॉइंग हे काही एकसंध चित्र नसतं. त्यात दुसरी कितीतरी ड्रॉइंग जोडलेली असतात, आणि मोठ्या फाईलला फक्त त्यांचे पत्ते ठाऊक असतात. फाईल उघडली की सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जातं. तिथे काही सापडलं नाही, तर त्याला नेमून दिलेल्या सर्च पाथच्या यादीतले फोल्डर वरून खाली एकेक करून धुंडाळतं. हव्या त्या नावाची फाईल पहिल्यांदा जिथे दिसेल तिथली उचलतं, मग ती बरोबर असो की चूक. कुठेच सापडली नाही तर जिना असायला हवा त्या जागी नुसती पत्त्याची एक ओळ उमटते. ताईनं प्रत्येक मशीनवर ही यादी स्वतः भरली आणि प्रत्येक पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली: 'यादीचा क्रम बदलू नये.'

बदलला तो धाकट्यानंच. आपल्या लॅपटॉपवरचा फोल्डर त्यानं यादीत सगळ्यात वर घातला, आणि नावं सारखी असल्यामुळे एका शाळेच्या बाराही वर्गांना काचेची, पितळी मुठींची दारं लागली. कागद प्लॉटरमधून बाहेर येता येता ताईच्या नजरेला पडलं. "शाळा आहे रे, दागिन्यांचं दुकान नव्हे," ती म्हणाली. धाकटा हसत सुटला. तेव्हा दिवस असे होते.

पुढे बिनसलं. निमित्त एका नाट्यगृहाचं. आतलं सगळं काम धाकट्याचं, पण दाराशी जी पाटी लागली तिच्यावर नाव एकट्या दादाचं. पाटी बनवणाऱ्याची चूक, असं दादा म्हणाला. चूक तर चूक, पण त्यानं ती दुरुस्त करून घेतली नाही. तिथून दोघांचं बोलणं तुटलं. एका भिंतीच्या अलीकडे पलीकडे बसून दोघं ताईतर्फे बोलायचे. "दादाला सांग, मी उद्या साइटवर आहे." "त्याला म्हणावं, असशील तिथे सुखी राहा." यातलं काय पोचवायचं आणि काय गिळायचं, हे तीच ठरवायची. असं वर्षभर चाललं, आणि मग वेगळं व्हायचं ठरलं.

वाटणीच्या बैठकीला दोघांचे दोन वकील होते. याद्या लिहून घ्यायला ताई. टेबलं, मशीनं, प्लॉटर, चालू कामं, जुनी कामं. मग माणसं. पाच दादाकडे, चार धाकट्याकडे, आणि काका प्लॉटरबरोबर दादाकडे. तिनं नऊ नावं लिहिली, दहावं काकांचं लिहिलं. पेन तसंच धरून ती थांबली. वकिलानं विचारलं, "झालं?" दादा म्हणाला, "झालं." तिनं खाली रेघ मारली. आपलं नाव यादीत कशाला हवं, आपण काय नोकर आहोत? असं तिनं स्वतःला समजावलं. त्यावर तिचा निम्मा विश्वासही बसला.

फायलींची वाटणी मात्र वकिलांच्या आवाक्यातली नव्हती. फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की आतली प्रत्येक जोडणी तुटणार. दादाच्या वाट्याच्या वसतिगृहात धाकट्याच्या हॉटेलचा जिना जोडलेला, त्या हॉटेलात दादाच्या बँकेची गच्ची. इतक्या वर्षांचा गुंता. दादा तिच्या टेबलाशी आला आणि कितीतरी दिवसांनी हळू आवाजात म्हणाला, "बबे, हे तेवढं तू मार्गी लाव. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं तर वाट लागेल." त्या एका वाक्यावर ती अकरा आठवडे राबली.

एकेक ड्रॉइंग उघडायचं, जोडलेलं काय काय आहे ते वहीत उतरवायचं, परकं असेल त्याची प्रत ज्याच्या त्याच्या फोल्डरात आणायची, पत्ता बदलायचा, फाईल बंद करून पुन्हा उघडून बघायची. फॉन्ट राहून गेला तर अक्षरं फुगून चौकटीबाहेर सांडायची, मग तोही शोधायचा. तिचे डोळे चुरचुरायचे, मनगट सुजलं. घड्याळ दुसऱ्या हातात बांधून ती काम करत राहिली.

मधेच एका जिन्यावरून वाजलं. 'सामाईक'मधला एक वळणाचा जिना, बेचाळीस कामांत वापरलेला. दादाचं म्हणणं, तो त्याचा. धाकट्याचं म्हणणं, त्याचा. वर्षभरात पहिल्यांदा दोघं एकमेकांशी थेट बोलले ते या जिन्यासाठी.

"पहिल्यांदा वापरला माझ्या कामात," धाकटा म्हणाला.

"वापरलास. विचार कुणाचा होता?" दादा म्हणाला.

"तो जिना मी काढला होता," ताई म्हणाली. "आईला चढताना दम लागायचा, म्हणून पायऱ्या कमी उंचीच्या घेतल्या आणि मधे टेकायला जागा ठेवली."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "काढलास गं तूच," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला. "सगळं तूच काढतेस. पण डिझाइन कुणाचं, असा प्रश्न आहे."

'सामाईक'च्या तिनं दोन पूर्ण प्रती केल्या, एक ह्याला, एक त्याला. भांडण मिटलं.

त्याच सुमारास एका दुपारी थोरली वहिनी ऑफिसात आली होती. ती गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही गेल्यावर आमच्याकडे कसं व्हायचं हो! धाकट्या भाऊजींचं बरं आहे." ताईला वाटलं, वहिनीची काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल. विचारावं, असं मनात आलं. पण विचारलं आणि नको ते कानावर पडलं तर? तिनं विचारलं नाही.

काम संपलं तेव्हा ती धाकट्याच्या नव्या ऑफिसात सगळं चालवून बघायला गेली. पाचही मशीनवर फायली उघडल्या. एकही जोडणी तुटलेली नाही, एकही फॉन्ट चुकलेला नाही. धाकट्यानं टाळ्याच वाजवल्या. चार टेबलं, शिवाय त्याची केबिन. तिनं पर्स उचलली आणि जमेल तितक्या सहजपणे विचारलं, "आणि मी कुठे बसायचं?"

"तू?" धाकटा गोंधळला. "ताई, तू दादाकडे आहेस ना? मी धरूनच चाललो होतो. इथे जागा बघतेस ना केवढीशी."

ती तशीच दादाकडे आली. तिचं टेबल जागेवर नव्हतं. तिथे गोल टेबल आणि सहा खुर्च्या आल्या होत्या, क्लायंटसाठी. काका प्लॉटर पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला वाटलं, तू त्याच्याकडे जाणार," दादा म्हणाला. "तुझा ओढा पहिल्यापासून त्याच्याकडे. मी म्हटलं, आपण आड कशाला यावं?" मग जरा थांबून म्हणाला, "आणि खरं सांगू का बबे, तीस वर्षं झाली. आता घरी आराम कर. मनगट बघ काय झालंय."

"माझं टेबल कुठंय?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"गोदामात ठेवलंय. हवं असेल तर घरी पाठवतो."

टेबल खरंच घरी आलं. दारातून आत जाईना, म्हणून हमालांनी पाय काढून ते आईच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. ते पाय पुन्हा कुणी लावले नाहीत.

नंतरचे पाच-सहा महिने फोन येत राहिले. "ताई, तो फॉन्ट कुठे टाकलास?" "बबे, जुन्या शाळेचा प्लॅन उघडत नाही." ती फोनवरच सांगायची, कुठे जा, काय बघ, काय दाबू नकोस. आपल्यावाचून यांचं अडतं, याचं तिला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याचीच पुढे तिला सगळ्यात जास्त चीड आली. एकदा धाकट्याचा नवा ड्राफ्ट्समन फोनवर होता. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोण बोलताय? मला फक्त नंबर दिलाय." तिनं सांगितलं, "कुणी नाही." फोन ठेवला आणि दोघांचे फोन आले तरी उचलायचे नाहीत, असं ठरवलं. ते पाळायला तिला महिना लागला.

चौपन्नाव्या वर्षी तिला काम मिळालं ते कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात. मालकीण तिच्याहून वीस वर्षांनी लहान. कारखान्यातली ड्रॉइंग मालकिणीच्या डेस्कटॉपवर अशी पसरली होती की मागचा फोटो दिसत नव्हता. ताईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "माझं नाव हजेरीपटावर कुठल्या हुद्द्याखाली आहे?" मालकीण म्हणाली, अजून ठरवलं नाही. "मग ठरवा. तोवर मी बाहेर बसते." ती खरोखर बाहेर बाकावर जाऊन बसली. अर्ध्या तासानं कागद आला. आत जाताना तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. हे एकतीस वर्षांपूर्वी का सुचलं नाही, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

दोन वर्षांनी भाऊ एक झाले. एक मोठं इस्पितळ मिळणार होतं, आणि एकेकट्याला ते झेपणार नव्हतं. ही बातमी तिला वहिनीकडून कळली, आणि दुसऱ्याच दिवशी दोघं मिळून तिच्या घरी आले. कितीतरी वर्षांत दोघांना असं शेजारी बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं. दोघांचे केस पांढरे झाले होते. तिला भरून आलं, हे खोटं नाही.

"आता दोन्हीकडच्या फायली एकत्र करायच्यात," दादा म्हणाला. "दोन-तीन महिन्यांचं काम आहे."

"करू," ती म्हणाली. "पण फर्मच्या कागदावर तिसरं नाव माझं घाला. फायलींना त्यानंतर हात लावीन."

दादानं धाकट्याकडे बघितलं, धाकट्यानं दादाकडे. इतक्या वर्षांत त्यांचं इतकं चटकन कशावर जुळलं नव्हतं.

"अगं, तू काय परकी आहेस का?" धाकटा म्हणाला. "कागद कसले करायचे तुझ्याशी?"

"नाव नसेल तर नाही."

"नात्यात असा सौदा करतात का, बबे?" दादा दुखावल्यासारखा म्हणाला. त्याला खरंच दुखलं होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. चहाचे कप तसेच ठेवून ते गेले. तिनं अडवलं नाही.

पुढचं तिला काकांनी सांगितलं, बाजारात भेटले तेव्हा. भावांनी बाहेरची कंपनी बोलावली. त्यांनी दहा दिवसांत काम उरकलं. चालू कामं तेवढी घेतली, जुनी एका डिस्कवर टाकून कपाटात ठेवली. दारं-खिडक्या-जिन्यांचा नवा तयार संच बसवला आणि 'सामाईक' दोन्हीकडचा पुसून टाकला.

"काही अडलं का त्यांचं?" तिनं विचारलं.

काका घुटमळले. खोटं बोलावं की नाही, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. "नाही ताई," ते म्हणाले. "तसं काही अडलं नाही."

तिनं मान हलवली, काकांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि घराच्या रस्त्याला लागली.