डावीकडचं अपेंडिक्स

आमच्या घरी तिसरा महिना सरेपर्यंत दिवस गेल्याचं कोणाला सांगत नाहीत. नजर लागते म्हणे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला दिवस गेले, तेव्हा सासूबाईंनी हा नियम असा पाळला की शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे ब्र काढला नाही. आम्हालाही काढू दिला नाही.

दुसऱ्याच महिन्यात ओटीपोटात डावीकडे कळ उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सोनोग्राफीत गर्भ पिशवीत नव्हताच, डाव्या नळीत अडकला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, नळी फुटायच्या बेतात आहे, आजच दुर्बिणीनं ऑपरेशन करून नळीसकट काढावं लागेल, थांबलो तर पेशंट हातची जाईल.

"त्याले उचलून पिशवीत ठेवता नाही येत का?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे नाही म्हटलं. सासूबाईंचा पुढे मला अतोनात राग आला, पण या प्रश्नाचा कधीच नाही. माझ्याही ओठांवर तोच होता.

पोटावर तीन बारीक भोकं पडली. ऑपरेशन पोटाचं आणि ठणकत होता खांदा. पोट फुगवायला गॅस भरतात, त्याचं ते दुखणं, असं नर्सनं सांगितलं.

घरी येताना गाडीतच सासूबाईंनी ठरवून टाकलं. "कोणी विचारलं तं अपेंडिक्स होतं म्हणून सांगजो. भोकं सारखेच राहतेत." नवऱ्यानं मान हलवली. त्याच्या मानेला दुसरं काही जमतच नाही. मी माहेरी, मौद्याला, आईला फोन करून खरं सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "सासरचे म्हणतेत तसंच सांगजो, बाई."

मग गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानापासून साऱ्या नात्यागोत्यात माझं अपेंडिक्स गाजलं. बायका संत्री घेऊन भेटायला आल्या. "आजकाल काही वाटत नाही त्याचं," म्हणाल्या. चुलतसासूंची नजर मात्र तीक्ष्ण. "अपेंडिक्स तं उजवीकडे राहते. तू डावीकडे काहून हात धरून राहिली वं?" सासूबाईंनी घाईघाईनं चहा आणला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रडायचं तरी कशाच्या नावानं? अपेंडिक्ससाठी कोणी रडतं का?

पुढच्या वर्षी धाकट्या जावेचं डोहाळजेवण घरीच झालं. ओटी भरायला मी ताट घेऊन पुढे झाले, तर चुलतसासूंनी हात आडवा केला. "तू थांब जराशी. लेकुरवाळ्या बाया आधी भरतीन. तुह्या तं पोटात अजून काही राहिलंच नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या ताटातला नारळ सरळ करत होत्या. "देवाच्या मनात असंन तवा होईन," एवढंच त्या म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "राहिलं होतं, काकू," मी म्हटलं. "मागच्या वर्षी. नळीत राहिलं म्हणून काढा लागलं. अपेंडिक्स माह्यं अजून जाग्यावरच हाये."

जावेनं पदर पोटावर ओढून घेतला, जणू माझीच नजर लागणार होती. ते मला फार लागलं. "शुभ कामात हे काहून काढलं वं?" सासूबाई दातओठ खात म्हणाल्या. मी ताट खाली ठेवलं आणि आमच्या खोलीत जाऊन बसले.

थोड्या वेळानं नवरा आला, पलंगाच्या कडेला बसला. "अपेंडिक्सच राहू दिलं असतं तं काय बिघडत होतं?"

"तुह्यं लेकरू होतं ते," मी म्हटलं. "एकदा तरी तसं म्हण."

तो उठला. वाटलं, जवळ येतोय. त्यानं आधी दार लावून घेतलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.