पत्रे उडालेलं घर

किस्से साठवायला कपाट लागत नाही, छप्परही लागत नाही, हे फार बरं! सत्तरच्या दशकात जव्हारच्या डोंगराळ भागात, जामसरजवळच्या एका बालगृहात मी काम करत होते. तिथलं छप्पर एका दुपारी वादळानं नेलं आणि किस्से तेवढे ठेवले.

सकाळी ट्रान्झिस्टरवर ‘किनारपट्टीला वादळाचा इशारा’ सांगितला होता. मी म्हटलं, “किनारा कुठे, आपण कुठे!” दुपारी पत्रे पतंगासारखे गेले. सगळी पोरं कुशीत घेऊन मी स्वयंपाकघराच्या दगडी भिंतीला चिकटून बसले. वारा पडल्यावर सर्वांत धाकटी सुकी वर बघत म्हणाली,

“ताई, आता पत्रं गळाचं नाय!”

पावसाळाभर गळतीखाली भांडी मांडायचं काम तिच्याकडे असायचं.

* * *

जव्हारचे उस्मानचाचा आमचे पत्रेवाले. उडालेले पत्रे शोधायला ते पाडोपाडी हिंडले. साखरशेतला एका म्हातारीनं आमचा पत्रा शेळ्यांच्या गोठ्यावर ठोकला होता. चाचांनी मागितला, तर म्हणते, “वाऱ्यानं दिला, मागाला वारा येल तवा बघू!”

चाचा रिकाम्या हातानं परतले. खिळ्यांचा पुडाही रिकामा! मी विचारलं, “खिळे कुठे गेले?”

“क्या करता, ताई? पत्रा टेढा ठोकला होता तिनं. अपने से देखा नहीं गया!”

* * *

मुंबईहून मदतीचं खोकं आलं. आत कोट, स्वेटर आणि ढीगभर टाय! आमची स्वयंपाकीण चंदरीबाई. तिनं एक टाय नीट निरखला आणि वासराच्या गळ्यात घातला.

“दावं बरं आहे, ताई. गाठ आयती!”

पुढे आमच्या संस्थेचे अध्यक्ष आले, तेव्हा त्या वासराकडे बराच वेळ बघत राहिले. टाय त्यांचाच होता म्हणे.

* * *

अध्यक्ष येणार ते कशासाठी, हे सांगायचं राहिलं. मुंबईहून निरोप आला होता: बालगृह बंद करायचं, मुलं शहरातल्या वेगवेगळ्या संस्थांत पाठवायची, अध्यक्ष रविवारी येऊन तसं सांगतील. वादळात मी रडले नव्हते. तो निरोप ऐकला आणि चुलीमागे जाऊन ढसाढसा रडले. सुकी एकीकडे आणि तिचा भाऊ दुसरीकडे, हे डोळ्यांसमोरून हलेना.

चंदरीबाईनं माझ्या पुढ्यात विळी आणि कांद्यांची टोपली सरकवली.

“रड, पण कांदा चिरीत रड. पोरांना कळाचं नाय, आन् भाजी पण होल!”

त्या दिवशी भाजीत नुसता कांदाच होता. पोरांनी चाटूनपुसून खाल्ली.

* * *

आता रविवार.

आमच्या पाड्यांवर कुणाचं घर शाकारायचं तर बोलावणं धाडावं लागत नाही. सकाळीच माणसं गवताचे भारे डोक्यावर घेऊन आली. लांबच्या पोशेऱ्याहूनसुद्धा आली! बांबूचा सांगाडा उभा राहिला. पण पहिला भारा घरधन्यानं चढवायचा असतो. ज्यानं तो चढवला त्यानं ते घर राखायचं, कधी मोडायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून सगळे घरधन्यासाठी खोळंबलेले.

तेवढ्यात जीप आली. अध्यक्ष उतरले. पाड्यातले जाणते लखमाबाबा हरखले.

“आला रं आला, घरधनी आला!”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. चंदरीबाईनं माझा हात असा दाबला की तोंड मिटलंच! अध्यक्ष “अहो, ऐका तरी...” म्हणेपर्यंत लोकांनी त्यांना शिडीवर चढवलं होतं. हातात भारा दिला. त्यांनी तो कसाबसा आडव्या बांबूवर ठेवला. खाली टाळ्यांचा नुसता कडकडाट! सुकी आणि तिचा भाऊ तर नाचायलाच लागले.

मग लखमाबाबांनी त्यांना ती रीत सांगितली, अगदी सावकाश. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

“आता बोल, शेट,” लखमाबाबा म्हणाले. “तू कायतरी सांगाला आलास ना?”

अध्यक्षांनी खाली पोरांकडे पाहिलं. टायवाल्या वासराकडे पाहिलं. कोट काढून शिडीवर अडकवला.

“हो,” ते म्हणाले. “दुसरा भारा द्या वर!”