दातांची खोळ

माझी थोरली बहीण झोपेत करकर दात खायची. माहेरी, शेणव्याला, आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. सासरी, वैशाखऱ्याला, तिचं तान्हं मूल तापाने गेलं आणि सासूने निकाल दिला, "रोज दात खाती, हिनंच पोर खाल्लं." झोपेत दात खाणारी बाई घरातलं माणूस खाते, अशी समजूतच होती. तिला आमच्या दारात आणून सोडलं. खोड गेली तरच परत नेऊ, म्हणाले.

मी नुकतीच मास्तरीण झाले होते, शहाणपणाला तोटा नव्हता. तिला कल्याणला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने वरच्या दातांवर घट्ट बसणारी प्लास्टिकची पातळ, पारदर्शक खोळ करून दिली. झोपताना घाला, सकाळी काढून घासा, दिवसा तोंड मोकळं ठेवा, असं दोनदा बजावलं. महिनाभरात करकर थांबली. सासरचे येऊन तिला घेऊन गेले.

निघताना मीच तिला बजावलं, "कुणाला दिसू देऊ नको. म्हणतील, खोड गेली नाय, झाकलीय." तिने ते गाठीशी बांधलं. एका खोलीच्या घरात चोरून धुणार कुठे? तिने ती काढलीच नाही. जेवायची तशीच, आणि सकाळी सासूशेजारी बसून मशेरीही वरूनच लावायची. शितं, तंबाखू, सगळं आत कुजत राहिलं.

आठ-नऊ महिन्यांनी सणाला आली ती तोंडावर पदर धरूनच. मी पदर ओढला आणि वासाने मागे सरले. खोळ निघाली तेव्हा हिरड्यांतून पू आला. दात मुळाशी काळे पडले होते, बोट लावलं की हलत होते.

"यांना नीट सांगितलं नाहीत?" डॉक्टर माझ्यावर ओरडला. मी काय सांगितलं होतं, ते बोलायची माझी छाती झाली नाही. वरचे सगळे दात काढावे लागले.

कवळी बसवू, मी म्हटलं. तिने मान हलवली. "नको गो बाय. आता खालचे दात घासतील कशावर? आता मला कोन हाकलनार नाय."

माझी तेवीस वर्षांची बहीण बोळक्या तोंडाने हसत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.