गुलाबीकाकांचं फिनेल

गुलाबीकाकांची नखं बारा महिने गुलाबी असायची. साबण, राख, घासलेट, कशानेही तो रंग निघत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस आधी त्यांच्या बोटांकडे बघे आणि मग जरा सरकून बसे. काकांना त्याचं काही नव्हतं. "जाहिरात हाय ती, फुकटची," म्हणायचे.

मूळचे साताऱ्याकडचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची, ते कामाला होते ती केमिकल कंपनी नव्वदच्या दशकात बंद पडली आणि पन्नाशीला आलेले काका कोपरखैरण्याला लागून असलेल्या बोनकोडे गावातल्या भाड्याच्या खोलीत फिनेल बनवून सायकलवरून विकू लागले. पण तेव्हा कोपरखैरण्यात ज्याची नोकरी जाई तो फिनेलच विकायला निघे. सकाळपासून दारात चार-पाच जण, सगळ्यांचं सफेद, सगळ्यांचे तेच डबे. बायका दाराआडूनच "नको" म्हणत. काका म्हणायचे, "आधी नजरंत भराय पायजे. नाकाचं मागनं बगू."

म्हणून त्यांनी फिनेलला गुलाबी रंग दिला, गुलाबाचा वास घातला आणि भंगारवाल्याकडून सरबताच्या काचेच्या बाटल्या आणून, लख्ख धुऊन त्यांत ते भरलं. पहिली बाटली माझ्याकडे आणली, कारण मी तुर्भ्याच्या एका छापखान्यात लेबलं करायचो. बघतो तर हुबेहूब सोलकढी! मी कोकणातला, मला हसूच आलं. काकांनी सोलकढी जन्मात पाहिली नव्हती. आमच्याकडे भाताबरोबर पितात, असं सांगितल्यावर ते खूश झाले. "म्हंजे चांगलं दिसतंय न्हवं?"

लेबलावर त्यांना कवटी हवी होती, कंपनीतल्या ड्रमांवर असायची तशी, आणि खाली ठसठशीत 'विष'. मी त्यांना वेड्यात काढलं. "काका, कवटी बघून कुठली बाई बाटली हातात घेईल? गुलाबाचं फूल टाकू." त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुमी शिकल्याली मानसं. टाका फूल." ते फूल मी फार मन लावून काढलं होतं.

फिनेल धडाक्यात खपलं. महिन्याभरात कोपरखैरण्यातल्या आमच्या ओळीतल्या घराघरांतल्या मोरीत माझं फूल दिसू लागलं. इतर फेरीवाल्यांना बायका हाकलत आणि काकांची वाट बघत. गुलाबीकाका हे नावही तेव्हाच पडलं.

एका रविवारी दुपारी समोरच्या मालवणी कुटुंबातल्या चार वर्षांच्या सोनूने मोरीतली बाटली तोंडाला लावली. सोलकढी तिच्या फार आवडीची. तिसऱ्या दिवशी इस्पितळात ती वारली.

चौकशीला आलेल्या हवालदाराने बाटली हातात फिरवत विचारलं, "हे फूल कुणाच्या डोक्यातून आलं?"

"माज्या," काका म्हणाले.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मलाही लहान मुलगी होती, नोकरी होती. मी तोंड उघडलं नाही.

पुढे काकांवर काही कारवाई झाली नाही. बाटली मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवलीच का, असं म्हणून लोकांनी उलट त्या आईलाच बोल लावला. काका मात्र दारोदार फिरून बाटल्या परत मागू लागले. एक वहिनी देईनात. "राहू दे हो काका, वास किती छान आहे. मी वर ठेवते." काका हात जोडून उभे राहिले, ती बाटली आणून देईपर्यंत हलले नाहीत. नंतर थोडे दिवस त्यांनी काळ्या डब्यातून काळं फिनेल विकून पाहिलं. डब्यावर स्वतःच्या हाताने कवटी काढली होती. ते कुणी घेतलं नाही.

खोली सोडून ते गावी निघाले, त्या सकाळी मी बोनकोड्यात गेलो. जे हवालदारासमोर बोललो नाही, ते निदान त्यांच्यासमोर तरी बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी मला सुरुवातच करू दिली नाही. वळकटी बांधता बांधता म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगा. धंदा माजा हुता."

मला हायसं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवलो, आणि त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.