डाव्या चाकाचा ड्रम

समजा, तुमच्या हातात हातोडी आहे आणि पुढ्यात जमिनीवर ट्रकचे दोन ब्रेकड्रम. एक डुप्लिकेट, पण कोरा, चकचकीत. दुसरा ओरिजनल, पण उलटलेल्या ट्रकवरून काढलेला. तिसरा पर्याय कोरा ओरिजनल. तो पेकानबारूहून यायला आठवडा लागेल, आणि तिकडे घाटापलीकडे सोलोकला कांद्याची पोती शिवून पडलीत. ड्रमच्या कडेवर हातोडी हलकेच मारा. आवाज घुमला तर लोखंड धड. बद्द वाजला तर आत तडा. दोन्ही घुमताहेत. कुठला लावाल?

इंदारुंगला, घाटाच्या पायथ्याशी गॅरेज असलेले झुलबाहरी तीस वर्षं हेच ठरवत आले. त्या दिवशी ट्रक त्यांच्या भाच्याचा होता, यासरिलचा. सुमात्रातल्या आम्हा मिनांग लोकांत भाचा ही मामाची जबाबदारी. बाप जिवंत असला तरी भाच्याने काही केलं की लोक मामाचं दार वाजवतात.

"मामा, नवा लावा ना," यासरिल म्हणाला. "मेलेल्याच्या पायातले जोडे मला कशाला घालता?"

"ट्रक वळणावर उलटला. त्यात ड्रमचा काय दोष?" झुलबाहरींनी जुन्या ड्रमला आतून व्हर्नियर लावलं. झीज हद्दीच्या आत होती, पण अगदी काठावर. "त्या चकचकीत ड्रममध्ये काय ओतलंय ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. याचं लोखंड मी ओळखतो. फक्त पाणी सोडशील ते माथ्यावरच. ड्रम तापल्यावर सोडलंस तर फुटेल."

आमच्याकडे प्रत्येक ट्रकच्या टपावर पाण्याची टाकी असते. बारीक नळ्यांतून ड्रमवर धार पडत राहते, म्हणून उतारावर ब्रेक टिकतात. पण माथ्यावरच्या झऱ्यापाशी टाकी भरायला रांग लागते. म्हणून जुने ड्रायव्हर पाणी पुरवून वापरतात. जळका वास आला की मगच तोटी उघडतात.

"बारा वर्षं हा घाट उतरतोय मी, मामा."

"म्हणून तर सांगतोय. नवशिका घाबरून आधीच सोडतो."

यासरिल हसला. झुलबाहरींनी जुना ड्रम बसवला.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला गॅरेजच्या थोडं वर घाटात स्फोटासारखा आवाज झाला. डावं पुढचं चाक लोखंडाचे तुकडे ओकत आलं. ट्रकने आधी एका मोटारसायकलवाल्याला दरडीवर चिरडलं, मग बांबूत भात भाजून विकणाऱ्या रोसमानिदारची टपरी तिच्यासकट ओढत नेली आणि भिंतीवर आदळून थांबला. रस्ताभर कांदा आणि रक्त. रोसमानिदारचा एक हात निखाऱ्यात पडला होता. तिला तो काढून घेता आला नाही. ती तोवर संपली होती.

लोकांनी यासरिलला काचेतून बाहेर ओढलं. टपरीतले गरम बांबू उचलून त्याच्या तोंडावर, बरगड्यांवर हाणले. एकाने गुडघा छातीवर रोवला आणि जबड्यावर दगड घातला. दात रस्त्यावर पडले.

झुलबाहरी चाकाचा पाना घेऊन धावत आले. वाटेत बाख्तियार आडवा आला. रोज सकाळी त्यांच्यासोबत कॉफी घेणारा शेजारी.

"झुल, मागे हो. दोन माणसं मेलीत."

"तो माझा भाचा आहे."

"मेलेल्यांनाही मामा होते."

झुलबाहरींनी पाना फिरवला. बाख्तियारचा कोपर उलटा वळला. मग ते यासरिलवर पालथे पडले. पाठीवर बांबू फुटू लागले.

"असलं सडकं सामान कुणी बसवलं?" रोसमानिदारचा जावई ओरडला.

खालून यासरिल काहीतरी पुटपुटला, पण त्याच्या तोंडात रक्ताखेरीज काही नव्हतं.

"मी बसवलं," झुलबाहरी म्हणाले.

तेव्हा लोकांनी यासरिलला सोडलं. झुलबाहरींचा उजवा हात रस्त्यावर ताणून धरला आणि दगडाने तीन बोटं ठेचली. हातोडी धरायची बोटं.

आठ दिवसांनी, हात गळ्यात बांधून, ते पोलीस चौकीमागे टाकलेल्या ट्रकच्या सांगाड्यापाशी गेले. ड्रमचे तुकडे एकेक करून उन्हात धरले. जुन्या तड्यात गंज चढतो, तो काळपट दिसतो. इथे फुटलेली प्रत्येक कड ताजी, राखाडी होती. पृष्ठभागावर तापल्याची निळी झाक होती. म्हणजे बसवताना ड्रम धड होता. पण तापलेल्या ड्रमवर पाणी पडलं म्हणून फुटला, की पाणी न सोडताच पातळ झालेलं लोखंड तापून गेलं, हे त्या कडा सांगत नव्हत्या. उघडी होती की बंद, यावरून तोटी सांगू शकली असती. पण मारणाऱ्यांनी टाकी आणि तोटी त्याच दिवशी ठेचली होती.

झुलबाहरींनी एक तुकडा खिशात घातला.

पुढे यासरिलच्या जबड्याची तार निघाली. आता तो रोज गॅरेजवर येतो, मामाला पाने काढून देतो, नट आवळतो. कांद्याचा भाव, आईचा दमा, बाख्तियारचा वाकडाच राहिलेला हात, सगळं बोलतो. घाटाचं नाव काढत नाही. परवा म्हणाला, "मामा, तुम्ही डाव्या हाताने हातोडी मारता तेव्हा मला आवाज कळत नाही."

"मलाही कळत नाही," झुलबाहरी म्हणाले.

तो तुकडा त्यांच्या गल्ल्यात असतो. यासरिल पाठमोरा असला की ते बाहेर काढतात, आणि त्यांच्या ओठांपर्यंत एकच गोष्ट येऊन थांबते: पोरा, तू पाणी कुठल्या वळणावर सोडलंस?