ताईच्या होडीचा काठ

धक्क्याच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या माणसाला सगळे पट्टीवाला म्हणतात. लहान होड्यांच्या काठांना पट्ट्या बसवणं हा त्याचा धंदा. आगीच्या बंबवाल्यांनी टाकून दिलेला जाड कापडी पाइप तो आणतो, आत जुने दोर ठासतो आणि होडीच्या काठाला पितळी स्क्रूंनी आवळतो. होडी धक्क्यावर आपटली की मार पट्टी खाते, लाकूड वाचतं. काम एवढंच, पण त्याच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, समुद्र यानेच थोपवून धरलाय.

माणूस हेकट. पट्टी पुढच्या टोकापासूनच सुरू करणार, सांधा मागेच येणार, मध्ये कधीच नाही. कुणी घाई केली तर "मग चिकटपट्टी लावून घे" म्हणणार. गिऱ्हाईक तोंडाचा चंबू करून थांबतं, कारण दुसरा पट्टीवाला आहे कुठे?

त्याची थोरली बहीण पलीकडच्या किनाऱ्यावरून रोज एकटी होडीतून दुधाचे कॅन आणते. आई गेल्यावर तिनेच याला वाढवलं, आणि आजही चारचौघांत याचा कान धरायला ती मागेपुढे बघत नाही. तिच्या होडीला पट्टी नव्हती. "ज्यांना होडी लावता येत नाही त्यांना लागतात पट्ट्या," असं ती म्हणायची. खरंच, कित्येक वर्षं तिची होडी धक्क्याला टेकलेली कुणाला कळायचंही नाही.

यंदा रंग द्यायला ती होडी वर ओढली, तेव्हा त्याने काठावरून हात फिरवला. उजवीकडे वीतभर लाकूड चेचलं होतं. मार सगळे ताजे आणि एकाच जागी. गेले काही महिने ताई चहा ओतताना कपात बोट का घालते, हे त्याला तिथे उमगलं. होडी चालवणं सुटलं तर ताई घरात बसणार. घरात बसलेली ताई काही त्याच्या डोळ्यांसमोर येईना.

विचारायची छाती झाली नाही. त्याने गुपचूप उजव्या बाजूला दुहेरी पट्टी ठोकली आणि "रंगावर फुकट" म्हणून सांगितलं. ताई कुरकुरली, पण होडी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी होडी धक्क्याला टेकली. आवाज झाला नाही. ताई वल्ही मारतच राहिली. होडी धक्क्याला घासत पुढे गेली, दगडी पायरीवर चढली आणि कॅन धडाधड पाण्यात कलंडले. सगळ्यांनी पाहिलं. ताई भिजल्या अंगाने तडक शेडमध्ये आली.

"काय लावलंस रे ते?"

"मऊ पट्टी. मार बसू नये म्हणून."

"बसायलाच हवा मार! ठक् वाजलं की मी वल्हं उचलते, दोर टाकते. गाढवा, तू तो आवाजच बंद केलास!"

त्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "ताई, दिसतं किती?"

ती चाचपत स्टुलावर बसली. "तुझा आवाज येतोय तिथे काहीतरी काळं आहे. तूच असशील. काळा तू पहिल्यापासूनच."

"डॉक्टर?"

"झाले दाखवून. आहे ते एवढंच राहणार."

"आणि बाकीच्या होड्या?"

"त्यांना माझी होडी कळते. बाजूला होतात." मग जरा हळू म्हणाली, "पाणी मला पाठ आहे रे. धक्का तेवढा समजत नाही."

त्याला तिचा राग आला होता आणि रडूही येत होतं. होडी बंद कर, हे वाक्य ओठांवर होतं. ते गिळून त्याने स्क्रू काढायला घेतले. चेचलेल्या जागेवरची वीतभर पट्टी त्याने कापून टाकली आणि तिथे कठीण लाकडाचा तुकडा बसवला. पट्टीला ऐन मध्यात दोन सांधे आले. येणारे-जाणारे हसले. तो स्क्रू आवळत राहिला.

आता ताईची यायची वेळ झाली की तो हातोडी खाली ठेवतो. शेजारच्या लोहाराला ओरडून थांबवतो, इंजिन तपासणाऱ्यालाही बंद करायला लावतो. लोक वैतागतात, पण थांबतात. सगळा धक्का गप्प होतो. मग ठक् वाजतं, आणि सगळे कामाला लागतात.